ओबडधोबड गोडी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी एक लहानसा प्रसंग घडला. कॉलेजात शिकणाऱ्या आमच्या पुतणीने इंदूरच्या फळबाजारातून किलोभर आडू आणले आणि दुपारभर खपून 'पीच कॉब्लर' नावाचा एक अमेरिकन पदार्थ केला. दालचिनीचा आणि भाजल्या लोण्याचा वास घरभर दरवळला. पण पाने मांडायची वेळ झाली तरी पदार्थ काही बाहेर येईना. चौकशी करता समजले, की बाईसाहेबांनी तो फडताळात झाकून ठेवला आहे! कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, "काका, चित्रातल्यासारखा नाही झाला. एका बाजूनं रस उतू गेलाय, वरचे गोळेही वेडेवाकडे झालेत." तिची आजी जवळच बसली होती. ती म्हणाली, "अगं, तो पानात वाढायचाय की भिंतीवर टांगायचाय? आण इकडे." आणला. पाच माणसांत तो पंधरा मिनिटेही टिकला नाही.

प्रसंग एवढाच, पण तो मनातून जाईना. ज्या पदार्थाची सारी थोरवीच त्याच्या वेडेवाकडेपणात आहे, तोच वेडावाकडा झाला म्हणून एका मुलीला लाज वाटावी, यातला विरोध तिच्या ध्यानात आला नव्हता. तो तिचा दोष नव्हे. आज हातातल्या फोनवर घटकेघटकेला पदार्थांची अशी चित्रे दिसतात, की जणू स्वयंपाकघरात ना पीठ सांडते, ना रस उततो, ना कधी कड करपते. ती चित्रे पाहून पुष्कळांना रांधण्याचा हुरूप येतो, हे खरे; पण त्याहून पुष्कळांचा तो जातो, अशी आमची समजूत आहे. आणि घरच्या रांधण्याला खरे भय अज्ञानाचे नाही, ते या लाजेचे आहे, एवढेच आज येथे सांगावयाचे आहे. त्याला साक्षीदार म्हणून हा परदेशी पदार्थच पुरेसा आहे.

कॉब्लर म्हणजे काय? खोलगट भांड्यात साखर लावलेल्या फळांच्या फोडी, त्यांवर मऊ पिठाचे गोळे, आणि ते सारे एकत्र भाजलेले. इंग्रजीत 'कॉब्लर' म्हणजे जोडे सांधणारा मोची, आणि त्यापासून झालेल्या क्रियापदाचा अर्थ हाताशी असेल त्यातून जोडजमाव करणे. पदार्थाचे नाव यावरून पडले, की वरचे गोळे गोट्यांच्या फरसबंदीसारखे दिसतात म्हणून पडले, याविषयी जाणकारांत एकमत नाही. दोन्ही अर्थ एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात, एवढे मात्र खरे. याची भावंडेही अशीच गमतीच्या नावांची आहेत. एकाचे नाव 'ग्रंट', म्हणजे हुंकार. दुसऱ्याचे 'स्लम्प', म्हणजे बशीत वाढताच बसकण मारणारा. 'लिटल विमेन' लिहिणाऱ्या लुइझा मे ऑल्कॉटने तर आपल्या राहत्या घरालाच थट्टेने 'ॲपल स्लम्प' म्हटले होते. ज्या पदार्थांना त्यांच्या माणसांनीच अशी नावे ठेवली, त्यांनी रुपाचा तोरा मिरवावा अशी कोणाची अपेक्षा असणार!

या पदार्थाचा जन्मही अडचणीतलाच. इंग्लंडातून अमेरिकेत गेलेल्या वसाहतवाल्यांना आपल्याकडचे पाय आणि वाफवलेली पुडिंगे हवी असत. पण नव्या मुलखात ना तशी साधने होती, ना तशी भट्टी. होते ते ओतीव लोखंडाचे, तीन पायांचे, कड असलेल्या झाकणाचे भांडे. भांड्याखाली निखारे, झाकणावरही निखारे, आत फळ आणि वर ओबडधोबड पीठ. आमच्या वाचकांतील कोकणच्या माणसांना हे ऐकून नवल वाटणार नाही. काकडीचे धोंडस पूर्वी असेच खाली-वर विस्तव ठेवून भाजीत. गोव्याच्या बेबिंक्याचा एकेक थरही वरच्या निखाऱ्यावरच शेकला जाई. भट्टी नसलेल्या घरांनी भट्टीचे काम कसे उरकावे, याचे उत्तर दोन दूरच्या मुलखांनी एकच काढले. आणि दोन्हीकडे ते काढणारी बहुतेक ती चुलीपुढची बाई होती.

पीच हे फळही काही अमेरिकेचे नव्हे. ते मूळचे चीनचे. इराणमार्गे युरोपात पोचले म्हणून त्याच्या शास्त्रीय नावात 'पर्सिका' हा शब्द बसला. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते अमेरिकेत नेले आणि तेथील मूळच्या रहिवाशांनी ते दूरवर पसरवले. पुढे १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धानंतर जॉर्जिया प्रांतात त्याच्या मोठ्या बागा उठल्या. मार्शलव्हिल येथील सॅम्युअल रम्फ या बागाइतदाराने १८७० नंतरच्या दशकात एक नवे वाण काढले आणि त्याला आपल्या पत्नीचे नाव दिले – एल्बर्टा. या फळाचा गर बाठ्यापासून सहज सुटे आणि लांबच्या प्रवासातही ते टिके. त्यामुळे जॉर्जियाचे पीच उत्तरेकडच्या शहरांत पोचले. वाणाला बागाइतदारीण बाईंचे नाव मिळाले, हे चांगलेच झाले. पण त्या बागांतून फळे तोडणारे, पेट्या भरणारे हात बहुतांशी कृष्णवर्णीय मजुरांचे होते, आणि दक्षिणेकडच्या अनेक सुखवस्तू घरांत कॉब्लर रांधणारे हातही कृष्णवर्णीय बायकांचेच होते. त्यांची नावे कोणत्याही वाणाला मिळाली नाहीत.

त्यांतली दोन नावे मात्र ग्रंथरूपाने उरली आहेत. ॲबी फिशर या बाईंचा जन्म दक्षिण कॅरोलिनात, गुलामगिरीत झाला. पुढे त्या सॅन फ्रान्सिस्कोला गेल्या, आणि १८८१ साली तेथे त्यांचे पाककृतींचे पुस्तक निघाले. बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. सारे पुस्तक त्यांनी तोंडाने सांगितले आणि दुसऱ्यांनी उतरून घेतले. दुसऱ्या एडना लुइस. व्हर्जिनियातील फ्रीटाउन ही गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांनी वसवलेली वस्ती. तेथे त्या १९१६ साली जन्मल्या. १९७६ साली निघालेल्या त्यांच्या 'द टेस्ट ऑफ कंट्री कुकिंग' या पुस्तकात त्या वस्तीचे रांधणे ऋतूंच्या क्रमाने आले आहे. त्यांच्या लहानपणी मापाचे चमचे नसत, म्हणून बायका बेकिंग पावडर नाण्यावर घेऊन मोजीत. केक झाला की नाही हे लुइसबाई कान देऊन ठरवीत. आतली सळसळ मंदावली, की तो झाला. आमच्या आज्या चिमटीने, ओंजळीने आणि पळीने मोजीत, त्यातलाच हा प्रकार. कमलाबाई ओगल्यांनी १९७० च्या 'रुचिरा'त वाटी-चमच्यांची मापे दिली, तेव्हा त्यांनी नवशिक्या मुलींवर केवढे उपकार केले! पण ती मापे भीती घालवण्यासाठी होती, नवी भीती घालण्यासाठी नव्हे.

आता कृती सांगतो. कारण कृतीवाचून पदार्थाची बाजू मांडणे म्हणजे पक्षकाराला घरी बसवून खटला लढवणे. किलोभर पिकलेले आडू उकळत्या पाण्यात अर्धे-पाऊण मिनिट टाकून गार पाण्यात काढावे. साल हाताने निघते. फोडी कराव्या. त्यांना १०० ग्रॅम साखर, एका लिंबाचा रस, मोठा चमचाभर कॉर्नफ्लॉर, चिमूटभर मीठ आणि दालचिनीची थोडी पूड लावून खोलगट भांड्यात घालाव्या. दुसरीकडे १५० ग्रॅम मैदा, दोन मोठे चमचे साखर, दोन लहान चमचे बेकिंग पावडर आणि किंचित मीठ एकत्र करून त्यात ७५ ग्रॅम गार लोणी बोटांच्या टोकांनी चुरावे. वाटाण्याएवढे तुकडे राहिले तरी चालेल, किंबहुना राहावेच. मग १२० मिलिलीटर गार दूध घालून चमच्याने जेमतेम एकत्र करावे आणि त्या पिठाचे गोळे फळांवर अंतरा-अंतराने सोडावे. भट्टी २०० अंशांवर आधी तापवून पस्तीस ते चाळीस मिनिटे भाजावे. भट्टी नसेल, तर जाड कढईत मिठाचा थर पसरून, त्यावर तिवई ठेवून, झाकण घालून मध्यम आचेवर पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ ठेवावे. वरून खरपूस रंग येणार नाही, पण चवीत मोठे उणे राहत नाही. यात अंडे लागत नाही, ही सोय आमच्याकडील अनेक घरांना पटेल.

कोणी म्हणेल, ओबडधोबडपणाचे एवढे कौतुक कराल, तर आळशी माणसांचे फावेल. हा आक्षेप रास्त आहे, आणि याचे उत्तर कृतीतच आहे. ओबडधोबड म्हणजे निष्काळजी नव्हे. लोणी गार का घ्यावयाचे? त्याचे तुकडे भट्टीत वितळताना त्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि पिठात खुसखुशीत पोकळ्या राहतात. पीठ मळावयाचे का नाही? मळले, की त्याला चिवटपणा येतो. पोळीला तो हवा, येथे नको. गोळ्यांमध्ये अंतर का? फळांची वाफ निघून जावी म्हणून. नाहीतर गोळे खालून कच्चे राहतात. कडेचा रस खदखदू लागेपर्यंत का थांबावयाचे? तोवर कॉर्नफ्लॉर रसाला धरून ठेवत नाही. आणि काढल्यावर वीस-पंचवीस मिनिटे का निवू द्यावयाचे? रस तेव्हा आळतो. म्हणजे जेथे काळजी घ्यावयाची तेथे पुरेपूर घ्यावयाची, आणि जेथे हात राखावयाचा तेथे राखावयाचा. गोळे सारखे करीत बसणारी बाई पीठ मळून बसते, आणि पदार्थ दिसावयास चांगला व खाण्यास चामड झाला, असे होते. आमच्या पुतणीचे गोळे वेडेवाकडे होते, कारण तिने ते बरोबर केले होते! उतू गेलेला रस हीसुद्धा तो नीट खदखदल्याचीच खूण होती.

याचा अर्थ या पदार्थात मतभेद नाहीत असा नव्हे. कोणी गोळ्यांऐवजी पातळ पीठ वितळल्या लोण्यावर ओततात आणि फळ वर घालतात. भाजताना पीठच फुगून फळांवर येते. कोणी लाटलेली पारी पसरतात. ज्याच्या आईने जसे केले, तोच खरा कॉब्लर, असे तेथे प्रत्येक जण मानतो. पुरणपोळीला कणीक की मैदा, गूळ की साखर, यावर इंदूर-ग्वाल्हेरच्या घरांत ज्या तडफेने वाद होतात, ते ऐकलेल्याला हे सांगावयास नको. आमच्या मते असा वाद हे घरच्या रांधण्याच्या प्रकृतीचे लक्षण आहे. दुकानच्या पदार्थाबद्दल कोणी असे भांडत नाही.

काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. अमेरिकेत १३ एप्रिल हा 'पीच कॉब्लर दिन' म्हणून पाळतात. आणि जॉर्जियाचे पीच बाजारात येऊ लागते ते मे महिन्याच्या मध्यास. अर्थात त्या दिवशीचा कॉब्लर डब्यातल्या, नाहीतर गोठवलेल्या फळांचा. वर पेटीतले तयार पीठ भुरभुरले, की काम झाले. यात पाप नाही. घाईच्या दिवशी तेही चालते. परंतु एकीकडे डबा आणि दुसरीकडे ते निष्कलंक चित्र, या दोहोंच्या मध्ये घरच्या माणसाचा हात अंग चोरू लागला, म्हणजे मग चूक करून शिकण्याची जागाच उरत नाही. एका पिढीला लाज वाटली, की पुढच्या पिढीला ते येतच नाही. धोंडसाचे असेच झाले नाही काय? किती मराठी घरांत आज ते होते, हे वाचकांनी आपल्याच घरात विचारून पाहावे.

आडूचा हंगाम थोडा असतो. फ्लोरिडात काढलेले, थोड्या थंडीतही फळणारे 'फ्लोरडासन'सारखे वाण उत्तरेच्या मैदानांत रुजले, त्यामुळे तेथले आडू लवकर येतात. मागून पहाडातले येतात. आणि पावसाळ्यात पाहता पाहता सारे संपतात. तेवढ्यात एकदा करून पाहावा. आमच्या पुतणीने त्यानंतर दोनदा केला. दुसऱ्या खेपेस कड थोडी करपली. तिने भांडे फडताळात ठेवले नाही, सरळ पानांपाशी आणले, आणि आजीने करपलेली कड आपल्यासाठी मागून घेतली.