गाडीचे वय चाकांत

दिवाळीत मुलांचे किल्ले पाहायला निघालो की माझी नजर आधी महादरवाजावर जाते. वर सिंहासन असते, बुरुजांवर मातीचे मावळे उभे असतात, अळिवाचे शेत हिरवेगार तरारलेले असते. आणि नेमका दरवाजाशी प्लॅस्टिकचा एक बंदूकवाला शिपाई पोटावर आडवा होऊन नेम धरून बसलेला असतो! मुलांना त्याचे काही वाटत नाही, वाटूही नये. पण मोठ्या माणसांनी महिना महिना खपून बनवलेल्या मोटारींच्या नमुन्यांतही मला असे शिपाई दिसतात, तेव्हा मात्र राहवत नाही. मोटारीच्या नमुन्यात हा शिपाई बहुधा चाकांच्या जागी बसलेला असतो.

यंदाच्या दिवाळी अंकात या सदराला नेहमीपेक्षा अंमळ जास्त जागा मिळाली आहे, म्हणून चाकांचाच विषय घेतो. गाडी मात्र आपल्याकडची नव्हे. ती आहे अमेरिकेतली ‘हॉट रॉड’.

ही हॉट रॉड कुठल्या कारखान्यात तयार होत नसे. १९३० नंतरच्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या तरुण पोरांनी स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या फोर्ड गाड्या घेतल्या, मडगार्डे काढून टाकली, जे जे जड वाटेल ते ते उतरवले, इंजिनावर आपली अक्कल चालवली आणि लॉस एंजेलिसच्या पलीकडच्या वाळवंटात कोरड्या सरोवरांच्या तळावर या गाड्या पळवल्या. म्यूरॉक आणि एल मिराज ही त्यांतली गाजलेली सरोवरे. १९३७ साली तिथल्या क्लबांनी एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली. या मंडळींची लाडकी गाडी म्हणजे १९३२ सालची फोर्ड. सालातल्या शेवटच्या दोनावरून तिचे नाव पडले ‘ड्यूस’. आपण पत्ते खेळताना दुर्री म्हणतो ना, तीच! पण ही दुर्री हुकमाची होती. हेन्री फोर्डने त्या वर्षी सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत आठ सिलिंडरांचे व्ही-८ इंजिन बसवले. २२१ घनइंचांचे, ६५ अश्वशक्तीचे. आज हा आकडा किरकोळ वाटेल. पण तेवढ्या पैशांत तेव्हा दुसऱ्या कुणाकडे तसले इंजिन नव्हते.

अशाच एका ड्यूसचा अर्धवट राहिलेला नमुना गेल्या श्रावणात माझ्याकडे आला. आमच्या शेजाऱ्यांचा होता तो. उभी हयात फिटर म्हणून गेलेला माणूस; हाताला विलक्षण स्वच्छता. लेक कॅलिफोर्नियात असते, तिच्याकडे सहा महिने राहून आले ते हा डबा घेऊन. चैत्रात ते गेले. वहिनी डबा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “भाऊजी, एवढं पुरं करून द्या. दिवाळीत नातू येतोय, त्याला आजोबांची गाडी म्हणून द्यायची आहे.”

डबा उघडला तर गाडी जवळजवळ तयार होती. नव्हती ती फक्त चाके. म्हणजे होती, पण एक सोडून चार जोड! प्रश्न असा, की यांतली त्यांच्या मनातली कोणती?

वहिनींना पहिल्याच नजरेत आवडली ती क्रोमची, पाच आऱ्यांची. “किती छान चकाकतात! पोराला हीच आवडतील,” त्या म्हणाल्या. चकाकतात हे खरेच. पण अशी पाच जाड आऱ्यांची चाके अमेरिकेतल्या रस्त्यांवर दिसू लागली ती १९६० नंतर. अमेरिकन रेसिंग कंपनीचे ‘टॉर्क थ्रस्ट’ हे त्यांतले नामांकित. ज्याला १९६५ सालची ड्यूस करायची आहे त्याने ती खुशाल लावावीत. त्या गाडीला फोर्डच्या जुन्या इंजिनाऐवजी शेव्हरोलेचे व्ही-८ शोभेल, कारण ते १९५५ मध्ये आल्यावर पोरांनी सरसकट तेच बसवायला सुरुवात केली.

मग मी गाडीलाच विचारायचे ठरवले. इंजिन पाहिले: जुने फोर्डचे, चपट्या डोक्याचे, वर दोन कार्ब्युरेटर. मडगार्डे सांगाड्यावरून तोडलेलीच नव्हती. म्हणजे लावायची नव्हती. पुढची काच कापून बुटकी केलेली. पुढचा आस वाकवून गाडीचे नाक खाली आणलेले. ब्रेक ड्रमचे. आकड्यांच्या पत्रकातून दोन पांढरे आकडे कापून नेलेले, म्हणजे दारावर शर्यतीचा क्रमांक घालायचा होता. अंगाला काळा रंग, तोही फार झळाळीचा नव्हे. इतक्या साक्षी एका दिशेने बोट दाखवतात, तेव्हा निकाल द्यायला न्यायाधीश लागत नाही. ही युद्धानंतरच्या चार-पाच वर्षांतली, सरोवरावर पळणारी गाडी. दोन जोड तिथेच बाद झाले: हे पाच आऱ्यांचे, आणि दुसरा अॅल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून कोरल्यासारखा दिसणारा मोठा जोड, वर पातळ टायरची कड. ती तऱ्हा १९८० नंतरची. गुळगुळीत अंगाच्या, आतून वातानुकूलित अशा गाडीला ती शोभते. या गाडीला ती लावणे म्हणजे नऊवारीवर स्केटिंगचे बूट.

उरले दोन जोड, आणि खरी परीक्षा इथे होती. एक तारेच्या आऱ्यांचा, दुसरा साध्या पत्र्याचा. १९३२ ची फोर्ड कारखान्यातून निघाली ती तारेच्या चाकांवरच, १८ इंची. मग तीच का नकोत? तर पोरांना ती उंच वाटत. ते १९३५ च्या फोर्डची १६ इंची तारेची चाके शोधून आणत, किंवा १९४० च्या फोर्डची पत्र्याची. पत्र्याच्या चाकांमागे एक व्यवहारही होता. जुन्या ड्यूसचे ब्रेक सळयांनी ओढायचे होते. फोर्डने १९३९ मध्ये तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक ब्रेक आणले, तेव्हा शहाण्या पोरांनी ते मोडीतून काढून आपल्या गाडीला जोडले. आणि १९४० चे ब्रेक घेतले की त्यावर १९४० ची चाके आपसूक बसत. स्वयंपाकघरात नवा गॅस आणला की बुडाला काळी झालेली भांडी मागे पडतात, तसेच हे. चाक एकटे येत नाही, ते ब्रेकाचा हात धरून येते. नमुना करणाऱ्याने हे ध्यानात ठेवले, तर निम्म्या चुका जागच्या जागी थांबतील.

(मॅग्नेशियमची हॅलिब्रँड चाकेही युद्धानंतर निघाली, आणि शर्यतीच्या गाडीला ती चालतात. पण त्यांना क्रोम लावू नका. मॅग्नेशियम मंद करडे दिसते. डब्यातले क्रोम झाकायला करड्या रंगाचा पातळ हात पुरतो. ‘मॅग’ हा शब्द यावरूनच आला, आणि पुढे मॅग्नेशियमचा कणही नसलेल्या चाकांना चिकटला.)

शैलीइतकेच माप महत्त्वाचे. नमुने पंचविसाव्या हिश्श्याचे असतील तर एक गंमत लक्षात घ्या: इंचात २५.४ मिलिमीटर असतात, त्यांना पंचविसाने भागले की उरतो एक मिलिमीटर आणि वर केस. म्हणजे खऱ्या गाडीचा इंच तो नमुन्याचा मिलिमीटर! १६ इंची चाक नमुन्यात १६ मिलिमीटर. जुन्या टायरांची उंची जवळजवळ रुंदीइतकीच असे. मागे ७.५० चे टायर घातले तर १६ अधिक दोन वेळा साडेसात, ३१ इंच, पुढे ५.०० चे घातले तर २६. नमुन्यात ३१ आणि २६ मिलिमीटर धरा, चालेल. चोविसाव्या हिश्श्याच्या डब्यातली चाके मात्र पंचविसाव्याच्या गाडीला लावाल तर १६ इंची चाक १७ मिलिमीटरच्या घरात जाते. डोळ्याला कारण कळत नाही, पण गाडीने थोरल्या भावाचे जोडे घातलेत हे कळते.

मागचे मोठे आणि पुढचे लहान, हे केवळ ऐटीसाठी नव्हते. मागचे टायर उंच असले की इंजिनाच्या तितक्याच फेऱ्यांत गाडी जास्त जमीन कापते, आणि कोरड्या सरोवरावर शर्यत फक्त वेगाशी असते, वळणांशी नाही. पुढची चाके निव्वळ दिशा देणार. ती जितकी हलकी आणि अरुंद तितकी बरी. नाक खाली झुकते ते यामुळेही. टायर सगळे काळे. पांढऱ्या पट्ट्याचे टायर डब्यात होते, पण ते मिरवायच्या गाडीचे. पट्ट्यावरूनही साल कळते, बरे का; रुंद पट्टा दिसला की गाडी साधारण १९६१ पर्यंतची, मग अमेरिकन गाड्यांवरचे पट्टे अरुंद झाले.

तारेची की पत्र्याची, हे मात्र गाडी सांगत नव्हती. दोन्ही चालली असती. एके संध्याकाळी दोन्ही जोड वहिनींपुढे ठेवले आणि विचारले, “तिकडे असताना हे कुठे शर्यती पाहायला गेले होते का?”

“गेलो होतो की! जावयांनी नेलं होतं, एल मिराज का कायसं. नुसती धूळ आणि ऊन. पाण्याची बाटली संपली तरी यांचा पाय निघेना.” त्या जरा थांबल्या. “शर्यत राहिली बाजूला. उभ्या केलेल्या एका काळ्या गाडीपाशी उकिडवे बसून नुसत्या चाकाचे फोटो काढत होते. मला रागच आला होता.”

“कसलं चाक होतं, आठवतं?”

“लाल. चांगलं कुंकवासारखं लाल. आणि मध्ये वाटी उपडी घातल्यासारखं चकचकीत झाकण.”

तारेच्या चाकाला ते झाकण एवढे भरत नाही. वाटी उपडी घातल्यासारखी हबकॅप, मागे लाल पत्रा. १९४० ची फोर्ड. फोटो लेकीकडे होते. तिने ते पाठवले, आणि काळ्या गाडीच्या त्या चाकांनी उरलासुरला प्रश्न मिटवला.

पत्र्याच्या जोडाला आधी करडा प्रायमर दिला, मग लाल रंगाचे तीन पातळ हात. जाड एक हात दिला असता तर रिमची कड बुजली असती. झाकणे तेवढी क्रोमची ठेवली; वहिनींची चकाकीची हौस तिथे भागली. मागचे टायर अंगाला घासत होते, तेव्हा आसाखाली अर्ध्या मिलिमीटरची प्लॅस्टिकची पट्टी घातली.

आता चाके पक्की चिकटवायची की फिरती ठेवायची, एवढेच विचारायचे होते. चिकटवली तर गाडी चारी पायांवर नीट बसते, फिरती ठेवली तर एखादे जरा कलते. मी दोन्ही सांगितले.

वहिनी म्हणाल्या, “फिरती ठेवा. पोरगं आल्या आल्या जमिनीवर चालवून बघणार.”