कलंकित तत्त्वज्ञ आणि पडदा
‘असणे’ म्हणजे काय, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या केंद्रस्थानी आणणारे मार्टिन हायडेगर १९३३ ते १९४५ नाझी पक्षाचे सदस्य होते; त्यामुळे त्यांच्या विचारांवरील चित्रपट हा कलंक धुऊन काढतात, असा आक्षेप घेतला जातो. ‘दि इस्टर’ (२००४) हा माहितीपट मात्र, त्यांच्या १९४२ च्या व्याख्यानांचा धागा धरून डॅन्यूब नदीच्या मुखाकडून उगमाकडे जाताना माउटहाउझेन या छळछावणीपाशी थांबतो आणि यांत्रिक शेतीला वायुकोठड्यांच्या पंक्तीत बसवणारे त्यांचे १९४९ चे विधानही तपासतो, हे त्याचे मोठे धैर्य होय. विचारवंताच्या राजकीय भूमिकेचा असा प्रश्न आपल्याकडेही आला: विनोबा भावे यांनी आणीबाणीला ‘अनुशासन पर्व’ म्हटल्यावरही, येथे दोषाची तुलना मुळीच होऊ शकत नसली तरी, मराठीत वाद झालाच. विचार आणि आचरण एकत्र दाखवणारे चित्रपट वाचकांनी अवश्य पाहावेत, ही विनंती.