चावडी कोणाच्या मालकीची?

पुण्यांत चार सुशिक्षित माणसें एकत्र आलीं कीं तीं एखादें मंडळ स्थापन करतात, हा या शहराचा जुना लौकिक आहे. अलीकडे त्यांत एवढीच भर पडली आहे कीं मंडळाचें नांव ठरण्यापूर्वींच त्याचा व्हॉट्सॲप-ग्रुप तयार झालेला असतो. वाचकमंडळ असो, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा असो अथवा गृहनिर्माण संस्था असो. उद्देश काय, चर्चा कशाची, ती कोणीं वाचावी, किती दिवस टिकावी, यांपैकीं एकाही प्रश्नाचा विचार न होतां जागा मात्र ठरून जाते. मुलीच्या लग्नाचें कार्यालय ठरवितांना जो गृहस्थ तीन ठिकाणीं पाण्याची, जेवणावळीची आणि गाड्या उभ्या करण्याची चौकशी करतो, तोच गृहस्थ आपल्या मंडळाच्या साऱ्या वैचारिक संसारासाठीं पहिली फुकट मिळालेली ओसरी पत्करतो. या निष्काळजीपणाबद्दल कोणीतरी स्पष्ट बोलावयास पाहिजे. आम्ही स्वतः अशा अकरा ग्रुपांचे सभासद आहों, तेव्हां पुढील शब्दांतील निम्मे आम्हांसही लागू आहेत.

निरोप पोंचविण्याचें साधन म्हणून व्हॉट्सॲप उत्तम आहे, हें आधींच मान्य करतों. आज टँकर येणार नाहीं, खडकवासल्यांतून मुठेंत पाणी सोडलें आहे, नदीकांठच्या गाड्या हलवा, असे निरोप याहून लवकर पोंचविणारा दूत आजवर मिळाला नव्हता. परंतु निरोप आणि चर्चा या दोन भिन्न वस्तु आहेत. निरोपाचें आयुष्य एका दिवसाचें. चर्चेला आठवण लागते. मागें कोण काय म्हणालें, त्याला उत्तर काय दिलें गेलें, तें कोठें तरी सांपडावें लागतें. ग्रुपवर एखाद्यानें पुस्तकाविषयीं विचारपूर्वक दहा ओळी लिहाव्या, तों त्यांखालीं सुप्रभातीचें फूल उमलतें, मागोमाग कोणाच्या तरी वाढदिवसाच्या बेचाळीस शुभेच्छा येतात, आणि तिसऱ्या दिवशीं आलेलें उत्तर कशाला आहे हें खुद्द उत्तर देणाऱ्यासही सांगतां येत नाहीं. शिवाय २०१६ पासून हे निरोप दोन्ही टोंकांस कुलुपबंद असतात. खाजगी पत्राला पाकीट हवेंच. पण जो मजकूर लोकांनीं वाचावा म्हणून लिहिला, तो पाकिटांत घालून फार तर १०२४ माणसांच्या कोठडींत कोंडण्यांत काय हशील? नाशिकचा किंवा बेळगांवचा वाचक तोच प्रश्न घेऊन शोध करूं लागला तर त्याला या पुणेरी विद्वत्तेचा वाससुद्धां लागत नाहीं.

हें झालें लिखाणाचें. माणसांचें काय होतें, तें पाहा. आमच्या परिचयाचे एक निवृत्त प्राध्यापक येथील एका गृहनिर्माण संस्थेंत राहतात. गेल्या उन्हाळ्यांत टँकरच्या पाण्याचा खर्च एकाएकीं वाढला, तेव्हां त्यांनीं संस्थेच्या ग्रुपवर हिशेब मागितला. भाषा सभ्य होती. ती आम्हीं त्याच दिवशीं वाचली होती. उत्तरादाखल दोन विनोदी चित्रें आलीं, एक टोमणा आला, आणि रात्रीं साडेदहा वाजतां प्राध्यापकांस ग्रुपमधून काढून टाकण्यांत आलें. कारण नाहीं, ठराव नाहीं, कोणाची सही नाहीं. पुढची गोष्ट याहून लाजिरवाणी आहे. टाक्या धुण्यासाठीं दोन दिवस पाणी बंद राहील ही सूचना त्याच ग्रुपवर निघाली. जिन्याखालच्या फळ्यावर लिहिण्याची चाल केव्हांच मोडली होती. पंचाहत्तरी ओलांडलेल्या त्या जोडप्यानें दोन दिवस वॉचमनकडून बादल्या भरून आणविल्या. हिशेब अद्याप मिळालेला नाहीं. तो मागितला होता याचा ग्रुपवर मागमूसही नाहीं, कारण निरोप सात दिवसांनीं आपोआप नाहींसे व्हावे अशी कळ ॲडमिननें फिरवून ठेविली होती.

याच शहरांत २ एप्रिल १८७० रोजीं सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिच्या सभासदास निदान पन्नास माणसांचें मुखत्यारपत्र आणावें लागे. आरंभींच्या ९५ सभासदांच्या पाठीशीं सहा हजार लोकांच्या सह्या होत्या. आपण कोणाच्या वतीनें बोलतों याचा कागद जवळ असावा, हें त्या पगडीवाल्यांस कळत होतें. आजच्या ॲडमिनजवळ कोणता कागद आहे? सर्वांच्या आधीं त्यानें बटण दाबलें, एवढीच त्याची सनद. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें २०२१ सालीं असा निर्णय दिला कीं, समान हेतु सिद्ध झाल्याखेरीज सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल ॲडमिनला गुन्हेगार धरतां येणार नाहीं. माणसें घेणें व काढणें यापलीकडे त्याच्या हातीं फारसें कांहीं नसतें. निर्णय योग्यच आहे. आमचे ॲडमिन मात्र त्यांतील पहिला भाग पाठ करतात आणि दुसऱ्या भागांतील दोन अधिकार मन मानेल तसे वापरतात.

दरवान आणि संपादक यांतील फरक आम्ही विसरलों आहों. १८४८ पासून भाऊ महाजनांनीं ‘प्रभाकरां’त लोकहितवादींचीं पत्रें छापलीं. लेखक टोपणनांवाआड होता, पण छापण्याची जबाबदारी घेणारा संपादक उघड होता. त्या आडपडद्यामुळेंच तीं कडवट पत्रें लिहिलीं जाऊं शकलीं. व्हॉट्सॲपवर मोबाइलच्या नंबरावांचून प्रवेशच नाहीं. ज्या स्त्रीला आपल्या सासरच्या अनुभवाबद्दल चार खऱ्या ओळी लिहावयाच्या असतील, तिनें त्या दोनशें ओळखीच्या माणसांपुढें, त्यांतल्या नणंदेपुढें, लिहाव्या काय?

यावर ठराविक उत्तर येतें: “सगळे तेथेंच आहेत!” सगळे पूर्वीं ऑर्कुटवर होते. तें दुकान ३० सप्टेंबर २०१४ रोजीं बंद झालें, आणि मराठी कवितेच्या, गडकिल्ल्यांच्या, नाटकांच्या मंडळ्या मालकाच्या एका नोटिशीनें घराबाहेर पडल्या. गूगल प्लस २०१९ च्या एप्रिलमध्यें मिटलें. याहू ग्रुप्स २०२० च्या डिसेंबरांत. तीन वेळां बिऱ्हाड उठल्यावरही भाडेकरू शहाणा होत नसेल तर घरमालकास दोष देण्यांत अर्थ नाहीं. फेसबुकची वाट दाखविणारांस एवढेंच सांगतों कीं व्हॉट्सॲप २०१४ पासून त्याच मालकाचें आहे, आणि तेथें काय आधीं दिसावें हें तुमचें मंडळ ठरवीत नाहीं. ज्या मजकुराखालीं बोलाचाली अधिक, त्याला वरचें पान देण्याचें धोरण त्या कंपनीनें जानेवारी २०१८ मध्येंच जाहीर केलें होतें. समीक्षेपेक्षां हेल्मेटसक्तीवरचें भांडण तेथें नेहमीं वर राहावयाचें.

दुःखाची गोष्ट ही कीं मराठी माणसाजवळ स्वतःच्या चावड्या होत्या. अमेरिकेंतील मराठी मंडळींनीं १९९६ सालीं ‘मायबोली’ उघडली, तेव्हां ऑर्कुट, फेसबुक यांचा जन्मही व्हावयाचा होता. तीवरील जुनीं लिखाणें आजही कोणालाही, सभासद नसतांही, वाचतां येतात. ‘मनोगता’नें लेखकाच्या हातीं शुद्धिचिकित्सक दिला. ती शिस्त ज्यांना जाचक वाटली त्यांपैकीं कांहींनीं २००७ सालीं ‘मिसळपाव’ काढलें. २०११ सालच्या ‘ऐसी अक्षरें’नें प्रतिसादांस ‘मार्मिक’, ‘माहितीपूर्ण’, ‘भडकाऊ’, ‘खोडसाळ’ अशा श्रेणी वाचकांकडूनच देवविल्या. तेथें सारे संत नांदत होते असें नाहीं. ‘कंपूबाजी’ हा शब्द त्याच अंगणांत रुजला, आणि संपादकांच्या कात्रीबद्दल तेथें जेवढी कुरकुर झाली तेवढी क्वचितच कोठें झाली असेल. पण ती कुरकुरही उघड्यावर होती. १८८७ सालीं आगरकरांनीं ‘केसरी’ सोडला व पुढच्या वर्षीं ‘सुधारक’ काढला. दोन्ही पत्रांच्या फायली शिल्लक असल्यामुळें तो वाद आज आम्हांला दोन्ही बाजूंनीं वाचतां येतो. प्राध्यापकांचा वाद कोणत्या फायलींत वाचावा?

हीं चावडी सोडून आम्ही गेलों तें कोणाच्या जुलुमामुळें नव्हे. देवनागरींत टंकण्याचा कंटाळा, सभासदत्वाचा संकेतशब्द लक्षांत ठेवण्याचा कंटाळा, आणि आपल्या लेखाला अनोळखी माणूस उत्तर देईल ही भीति, यांपायीं गेलों. ओळखीचे लोक अंगठा वर करतात. अनोळखी माणूस पुरावा मागतो.

एका वाचकमंडळाला स्वतःची जागा करावयास फार लागत नाहीं. ‘मायबोली’ ज्या ड्रुपलवर उभी आहे तें सॉफ्टवेअर मुक्त आहे, फुकट मिळतें. नांवाची वार्षिक नोंदणी व जागेचें भाडें वीस सभासदांनीं वांटून घेतलें तर एका नाटकाच्या तिकिटाहून कमी पडेल. अधिक महाग आहे तें पुढचें काम: नियम लेखी करणें, तीन व्यवस्थापक ठराविक मुदतीसाठीं निवडणें, काढलेल्या मजकुराच्या जागीं काढण्याचें कारण लिहिणें, आणि साऱ्या लिखाणाची प्रत दर महिन्याला निराळी ठेवणें. आमच्या वाचकमंडळांत हा प्रस्ताव मांडला तेव्हां सर्वांनीं तो उत्तम ठरविला, व त्यावरील पुढील चर्चेसाठीं त्याच संध्याकाळीं एक नवा ग्रुप काढला. आमचा तो बारावा.

प्राध्यापकांच्या संस्थेची वार्षिक सभा सप्टेंबरअखेर व्हावयाची आहे. त्यांनीं हिशेबाचा अर्ज या वेळीं कागदावर लिहून दिला आहे आणि दुसऱ्या प्रतीवर पोंच घेतली आहे.