हत्तीवर कोण बसले आहे?

जबलपूरला गेलेला प्रवासी भेडाघाट पाहतो आणि वेळ उरलाच तर बरगीच्या धरणावर जातो. नर्मदेचे ते अथांग पाणी पाहून मन हरखते. पण हा सारा मुलूख एके काळी गढा-मंडल्याच्या गोंड राजांचा होता आणि त्यांच्या हत्तींची कीर्ती थेट आग्र्यापर्यंत पोहोचली होती, हे मात्र क्वचितच कोणी सांगते.

राजाच्या हाती हत्ती म्हणजे काय, हे जुन्या लघुचित्रांत उत्तम दिसते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ‘अकबरनाम्या’ची शंभरावर चित्रे आहेत. त्यांत बसावन आणि चेतर यांचे एक दोन पानी चित्र आहे. प्रसंग १५६१ सालचा. माजावर आलेल्या ‘हवाई’ हत्तीवर तरुण अकबर स्वार झाला आहे. पुढे ‘रणबाघ’ हत्ती पळतो आहे. यमुनेवरचा नावांचा पूल त्यांच्या भाराने खचतो आहे, माणसे जीव वाचवायला धडपडताहेत. या साऱ्या गोंधळात स्थिर आहे तो एकटा बादशहा. अनवाणी! ना सिंहासन, ना छत्र. ज्याने असा हत्ती आवरला, त्याला राज्य आवरणे काय कठीण, असेच चित्रकाराला सांगायचे आहे. अर्थात, चित्रकार बादशहाच्याच पदरी होते आणि चित्र निघाले ते सुमारे तीस वर्षांनी, हेही ध्यानात ठेवावे.

त्या प्रसंगानंतर तीनच वर्षांनी, १५६४ मध्ये, अकबराचा सरदार आसफखान गढ्यावर चालून आला. राणी दुर्गावती ‘सरमन’ नावाच्या हत्तीवर बसून नर्रईच्या खिंडीत लढली. दोन बाण लागल्यावर, शत्रूच्या हाती पडायचे नाही म्हणून तिने स्वतःच खंजीर खुपसून घेतला. हे लिहून ठेवले आहे ते अकबराच्याच अबुल फझलने. लुटीत हजार हत्ती सापडले, पण आसफखानाने बादशहाकडे धाडले फक्त दोनशे, असेही तो सांगतो. जवाहीर लपवले तर ती चोरी. आठशे हत्ती ठेवून घेणे म्हणजे मात्र स्वतःच राजा होऊ पाहणे.

गोंड राजांचे स्वतःचे चिन्हही पाहण्यासारखे आहे. त्यासाठी जबलपूरला जायची गरज नाही. आपल्या चंद्रपूरच्या गोंडकालीन कोटाच्या वेशींवर ते दगडात कोरले आहे: हत्तीला चेपणारा सिंह. मोगलांचा राजा हत्तीवर बसतो, गोंडांचा सिंह त्याला नमवतो. दोघांनाही आपले बळ दाखवायला हत्तीच लागला.

दुर्गावतीची जी चित्रे आपण पाहतो, ती सगळी फार नंतरच्या काळातली, कल्पनेने काढलेली. चेहरा प्रत्येकात निराळा असतो. पण तिला हत्तीवर बसवायला सहसा कोणी चित्रकार विसरत नाही.