अस्तित्वात आलं? आणलं कोणी?

परवा एका बगचा रिपोर्ट लिहीत होतो. सवयीने इंग्रजीत लिहून गेलो, की अमुक रिलीजनंतर ही चूक 'केम इन्टू बीइंग'. शेजारच्या सहकाऱ्याने वाचलं आणि विचारलं, "आपोआप?" आपोआप कसली, तो कोड मीच लिहिला होता!

'कम इन्टू बीइंग' म्हणजे नसलेली गोष्ट असायला लागणे. यात करणाऱ्याचं नाव घ्यायची गरजच पडत नाही. जिथे करणारा दाखवता येत नाही तिथे हे चपखल बसतं. सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी वायू आणि धुळीच्या ढगातून सूर्य तयार झाला, तिथे कुणाचं नाव घेणार? बाकी ठिकाणी इंग्रजीतही फाउंड, बिल्ड, सेट अप अशी क्रियापदं आहेतच.

आपण मात्र त्याच धर्तीवर 'अस्तित्वात येणे' सरसकट सगळ्याला चिकटवलंय. धरण अस्तित्वात येतं, वाचनालय अस्तित्वात येतं, लिनक्ससुद्धा १९९१ साली अस्तित्वात येतं! अहो, हेलसिंकीत शिकणारा लिनस टोरवाल्ड्स ते लिहीत बसला होता, त्याचं काय? धरण बांधतात, वाचनालय काढतात, प्रोग्रॅम लिहितात. मराठीत शब्द कमी पडले का?

आणि कळस म्हणजे, "महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले." कायद्याच्या भाषेत हे बरोबर आहे, मान्य. मुंबई पुनर्रचना कायद्याने तोच दिवस ठरवला होता. पण शाळेतल्या पोराने एवढंच वाक्य पाठ केलं, तर त्याला काय कळणार? पंचांगात सण येतो तसं राज्य आलं? २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. शंभराहून जास्त माणसं या लढ्यात गेली, म्हणून तर त्या चौकाला आपण हुतात्मा चौक म्हणतो. राज्य 'आलं' नाही हो, लोकांनी ते मिळवलं!

कोणी म्हणेल, एका क्रियापदावरून एवढं काय? पण करणारा वाक्यातून गेला, की श्रेय जातं आणि जबाबदारीही जाते. झोपडपट्टी 'अस्तित्वात आली' म्हटलं, की घरं न बांधणारे सुटले. बग 'अस्तित्वात आला' म्हटलं, की मी सुटलो.

असो. रिपोर्टमधलं ते वाक्य मी बदललं. आता तिथे लिहिलंय, "ही चूक मी केली."