ऐकणाराही गुन्हेगार

गौतम धर्मसूत्रात एक हुकूम आहे. शूद्रानं वेद ऐकला तर शिसं आणि लाख वितळवून त्याच्या कानात ओता. आता १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा काढा, कलम ५ वाचा. गुपित फोडणारा तर गुन्हेगार आहेच, पण ते जाणूनबुजून घेणाराही गुन्हेगार. तीन वर्षांपर्यंत आत. शिसं तेवढं नाही, हीच सुधारणा! आणि गुपित कशाला म्हणायचं, त्याची व्याख्या साल्या कायद्यात कुठंच नाही. साहेब शिक्का मारील ते गुपित.

त्याच १९२३ च्या ऑगस्टात मुंबई कौन्सिलात बोल्यांचा ठराव पास झाला होता, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा. तो कागदावरच राहिला. १९२७ ला बाबासाहेबांना महाडला जावं लागलं. एकाच वर्षाचे दोन कागद. पाण्याचा कुजला, गुपिताचा शंभरी ओलांडून ठणठणीत.

सरहद्दीवरच्या तोफांचा नकाशा कुणी शत्रूला विकला तर खुशाल धरा. त्यासाठी कलम ३ आहे, चौदा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्याबद्दल आमचं भांडण नाही. आमचं भांडण मस्टरचं. गोदीत पाठ मोडणाऱ्याला हे सांगायला नको. नाव आपलं, अंगठा आपला, खाडे त्यांनी मांडलेले, आणि वही मुकादमाच्या काखेत. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेच्या बायाबापड्यांनी हेच मागितलं, आमच्या मजुरीचं मस्टर दाखवा. उत्तर आलं, सरकारी कागद, गुप्त! मग १९९४ मध्ये कोट किराणा गावात त्यांनी हाती लागलेले कागद चारचौघांत मोठ्यानं वाचले. कामावर कधी न गेलेल्यांच्या नावावर पैसे उचललेले निघाले. १९९६ ला ब्यावरात चाळीस दिवस धरणं. अशा लढ्यातून २००५ चा माहिती अधिकार आला, आणि त्याचं कलम २२ या जुन्या कायद्याच्या वरचढ आहे.

तरी जुना मेला नाही. २०१९ मध्ये राफेल खरेदीचे कागद वर्तमानपत्रात छापून आले, तर सरकारनं सुप्रीम कोर्टात याच कायद्याचा धाक घातला. १० एप्रिलला कोर्टानं तो आक्षेप फेटाळला. त्याआधीच, २००६ मध्ये, सरकारच्याच दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगानं हा कायदा रद्द करा म्हणून लेखी दिलं होतं. केला नाही.

तो रद्द होईपर्यंत मस्टर मागत राहा. अर्जाला दहा रुपये पडतात, दारिद्र्यरेषेखालच्याला तेही नाहीत.