गोल कुणाच्या नावावर?

हॉकी म्हटलं की आपल्याला आठवतात मेजर ध्यानचंद, नाहीतर ‘चक दे’मधल्या मुली. पण कॅनडा-अमेरिकेत हॉकी म्हणजे बर्फावरची. पायात धारदार पात्यांचे बूट, चेंडूऐवजी रबराची काळी चकती आणि गोलकीपर धरून एका बाजूला सहाच खेळाडू. टोरांटोजवळ राहणारा माझा भाचा या खेळापायी वेडा आहे. त्याच्यामुळे दोन नावं आमच्याही घरात रुळली. पिट्सबर्ग पेंग्विन्सचा सिडनी क्रॉसबी आणि वॉशिंग्टन कॅपिटल्सचा रशियन अलेक्झांडर ओवेचकिन. दोघेही २००५ च्या ऑक्टोबरमध्ये एकाच मोसमात या लीगमध्ये उतरले, आणि थोर कोण हा वाद तेव्हापासून चालू आहे.

तुम्ही म्हणाल, यात वाद कसला? ज्याचे गोल जास्त तो थोर. त्या हिशेबाने ओवेचकिनला तोड नाही. वेन ग्रेट्स्कीचा ८९४ गोलांचा विक्रम कुणी मोडेल असं वाटत नव्हतं. ओवेचकिनने ६ एप्रिल २०२५ ला ८९५ वा गोल केला. तो मोसम संपला तेव्हा त्याचे १४९१ सामन्यांत ८९७ गोल होते, तर क्रॉसबीचे १३५२ सामन्यांत ६२५.

पण या खेळाची एक पद्धत मला फार आवडली. गोल झाला की त्याआधी पास देणाऱ्यांनाही श्रेय मिळतं, तेही एकाला नाही, दोघांपर्यंत. त्याला असिस्ट म्हणतात. गोल आणि असिस्ट मिळून गुण धरले, तर त्याच मोसमाअखेर क्रॉसबीचे १६८७ आणि ओवेचकिनचे १६२३. म्हणजे क्रॉसबी सामने कमी खेळूनही पुढे! सामन्यामागे काढा, क्रॉसबी साधारण १.२५, ओवेचकिन १.०९. आणि ग्रेट्स्कीचं तर विचारूच नका. त्याचे नुसते असिस्टच १९६३ आहेत, इतके की दुसऱ्या कुणाचे गोल आणि असिस्ट मिळूनही तेवढे होत नाहीत. पण जगाने टाळ्या वाजवल्या त्या गोलांच्या विक्रमाला.

बरं, पास मोजला तरी सगळं मोजलं जातं का? नाही. म्हणून तिथे जुना एक हिशेब होता, अधिक-उण्याचा. तुम्ही बर्फावर असताना आपल्या संघाने गोल केला की अधिक एक, आपल्यावर झाला की उणे एक. २०१३-१४ च्या मोसमात ओवेचकिनने सर्वांत जास्त, ५१ गोल केले आणि त्याच मोसमात त्याचा हा हिशेब निघाला उणे ३५! पण यातही अन्याय आहेच. गोलकीपरने ढिलाई केली, सोबत्याने चुकवलं, तरी खापर तुमच्या डोक्यावर. शिवाय समोरचा एक खेळाडू शिक्षेमुळे बाहेर बसलेला असताना केलेले गोल यात अधिक धरत नाहीत, आणि त्याच वेळी डावीकडून जोरकस फटका मारण्यात ओवेचकिनचा हात धरणारा कुणी नाही.

मग आली नवी आकडेमोड. तिचं नाव कोर्सी. खेळाडू बर्फावर असताना दोन्ही संघांनी गोलच्या दिशेने किती फटके मारले ते मोजायचे. आत गेलेले, अडवलेले, बाहेर गेलेले, मध्येच कुणाच्या अंगावर आदळलेले, सगळे. फटका मारायचा तर चकती आपल्याकडे हवी, म्हणजे खेळ कुणाच्या ताब्यात होता ते यातून कळतं. टिम बार्न्स नावाच्या गृहस्थाने ही पद्धत मांडली आणि बफेलो संघाचे गोलकीपरांचे प्रशिक्षक जिम कोर्सी यांचं नाव तिला दिलं. का, तर म्हणे त्यांच्या मिशा आवडल्या म्हणून! पुढे त्यातही सुधारणा झाली. लांबून मारलेला फटका आणि जवळून मारलेला सारखा कसा धरायचा? म्हणून अंतर, कोन बघून प्रत्येक फटक्यातून गोल होण्याची शक्यता काढू लागले. पण ती शक्यता साधारण खेळाडूची. ओवेचकिन साधारण थोडाच आहे?

माझं मत विचाराल तर मी क्रॉसबीकडे. तो मधल्या जागी खेळतो, मागे येऊन आपला गोलही राखतो, आणि त्याच्यामुळे सोबत्यांचं नाव होतं. भाचा म्हणतो, “मावशी, गोल करणं सर्वांत अवघड असतं गं.” खरंय त्याचं. पण ओवेचकिनच्या गोलांना सर्वांत जास्त वेळा पास देणारा निकलास बॅकस्ट्रॉम आपल्यापैकी कितीजणींनी ऐकलाय?

या बॅकस्ट्रॉमवरून मला आपल्या सरकारची वेळेच्या वापराची पाहणी आठवते. देशभर ती पहिल्यांदा २०१९ मध्ये झाली. त्यात घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाचे २९९ मिनिटं त्या बिनपगारी कामात जातात असं निघालं, घरकाम करणाऱ्या पुरुषांचे ९७. २०२४ ला पुन्हा मोजलं, तर २८९ आणि ८८. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली, पण पुरुषांचीही नऊ कमी झाली. वाचलेला वेळ काही त्यांनी उचललेला दिसत नाही. तरी मोजलं म्हणून निदान हे बोलता तरी येतं.

आमच्या भागात बचतगटांना गुण देतात ते बचत किती आणि कर्जफेड किती यावर. कर्ज घेणारीचं नाव येतं, फेडणारीचं येतं. पण हप्ता थकला की संध्याकाळी तिच्या दारात जाऊन बसणारी, नवऱ्याची समजूत काढणारी, बँकेत सोबत जाणारी बाई कुठल्याच रकान्यात नाही. तिच्याशिवाय गटाची फेड शंभर टक्के होत नाही, हे आम्हा सगळ्याजणींना ठाऊक आहे. येत्या मार्चमध्ये मूल्यमापन होईल, तेव्हा वहीत ‘कुणी सोबत केली’ असा एक रकाना वाढवून मागायचं आमच्या गटांनी ठरवलंय. साहेब हसतील बहुतेक. हसू देत. रकाना आम्ही आखून नेणार आहोत.